चोवीस ग्रॅम

‘दुकानाबाहेर गेलेल्या मालाची तक्रार चालणार नाही.’ बिलाच्या तळाशी, लाल शिक्का, थोडा तिरका.

आवडीकाकी कोयती कुणाच्या हातात देत नाही. खाली ठेवते, दोन पावलं मागे होते, मग घेणाऱ्याने उचलायची.

महाडमधल्या एका दुकानात, छताच्या पंख्याच्या हातभर खाली, भिंतीवर निळ्या रंगाची आडवी रेघ आहे.

गवा कुंपण मोडत नाही. कुंपण नाहीच असं समजून चालत जातो.

डोकेदुखीच्या गोळ्यांची रिकामी डबी. आत मोटारीत घासून झिजणाऱ्या कार्बन ब्रशांची एक जोडी, वापरलेली, नखाएवढी उरलेली.

तांब्याच्या तारेवर ब्लेड ओढलं की आतही तांबंच दिसतं. काही तारांच्या आत पांढरं दिसतं.

चंदूचे गुडघे वाकत नाहीत.

*

पोलादपूरला हायवेच्या खालच्या अंगाला, टायरवाल्याच्या बाजूला, सारिकाचं दुकान आहे. दहा फूट बाय आठ. बाहेर पाटी नाही. जळलेल्या मोटारींचा ढीग हीच पाटी. लग्नाआधी ती बिरवाडीला खोली घेऊन राहायची, मोटार वाइंडिंगच्या एका कारखान्यात सहा वर्षं तार गुंडाळायची. आता स्वतःसाठी गुंडाळते. पाण्याचे पंप, मिक्सर, ड्रिल, ग्राइंडर.

तिला मशीन बाहेरून कळत नाही. कुणी विचारलं, "ही चांगली का गो?", तर ती म्हणते, "उघडल्याशिवाय नाय सांगणार."

कुडपणच्या अंगची एक वाडी हे तिचं माहेर. त्या वाडीने गेल्या पावसाळ्यानंतर ठरवलं, की नाचणीच्या शेतांना लोखंडी अँगलचं कुंपण करायचं. गवे ऐकेनात. बाहेरचा फॅब्रिकेटर वर यायला तयार नव्हता, म्हणून वाडीने आपणच काम अंगावर घेतलं. महाडहून पाच ग्राइंडर आणले. पिवळ्या अंगाचे, अकराशेला एक, खोक्यावर हसणाऱ्या माणसाचं चित्र. चार वाडीचे, सगळ्यांनी मिळून वापरायचे. पाचवा चंदूने स्वतःसाठी घेतला, कारण त्याचं शेत ओढ्याच्या पलीकडे एकटं पडतं.

जानेवारीपासून चारही ग्राइंडर जळत आले. एक जळायचा, सारिकाकडे यायचा, ती आत होती तशीच, तेवढीच नवी तार भरून पाठवायची, पंधरा दिवसांत परत जळायचा. तोवर दुसरा. खोक्यांवर तिने मार्करने आकडे घातले होते. कुडपण एक, कुडपण दोन, कुडपण तीन, कुडपण चार.

पाचवा आला नाही.

*

मार्च महिना, दुपारचे अडीच. आवडीकाकीचा फोन.

"जेवलीस काय गो?"

"जेवले. काय झालं?"

"काय नाय."

"काकी, तू दुपारची फोन करत नायस. दुकान उघडं टाकून टेकाडावर आलीयस रेंजला. काय झालं सांग."

आवडीकाकी म्हणजे सारिकाच्या चुलत्याची, महिपतकाकाची बायको. वाडीतलं एकमेव दुकान तिचं. तेल, साबण, हळद, बिस्किटं आणि मसाला तोलायचा छोटा काटा, आकडे दाखवणारा.

"तुझ्या काकानं मशीन तोललान," काकी म्हणाली.

"कुठली मशीन?"

"चार नंबर. तुझ्याकडं धाडायच्या आधी माझ्या काट्यावर तोललान. मुंबईवरनं आलेल्या त्या राजेशनं सांगितलान तसं. आणि तू परत धाडलीस तवा परत तोललान. चोवीस ग्रॅम कमी भरली गो."

सारिकाच्या हातात तारेचं रीळ होतं. ते तिने खाली ठेवलं.

"राजेश बोलतोय का मुंबईला असंच करतात. आतलं तांबं काढायचं, हलकं भरायचं. आणि आता ती पण जळली. आठ दिवसांत. रविवारी गावकी बसणार हाय देवळात. तुझा काका बोलला, पोरीला बोलवा, नायतर मागनं बोलल्यासारखं होईल."

"काका काय बोलतोय?"

"तो काय बोलत नाय. तोच तर वांधा हाय."

*

तेव्हा कोण कुणाकडे संशयाने बघत होतं, ते असं:

महिपतकाका सारिकाकडे. राजेश सारिकाकडे, आणि महिपतकाकाकडेही, कारण मशीन पुतणीकडेच द्यायचं ही कल्पना महिपतकाकाची. बाकीची वाडी चंदूकडे, कारण त्याचंच मशीन कसं चालतं? दुकानदाराने त्याला वेगळं दिलं असणार. चंदू कुणाकडेच नाही, तो ओढ्यापलीकडे आपल्याशीच बोलत अँगल कापत होता.

सारिका महाडकडे.

*

तिने आधी एक काम केलं. वाइंडिंगच्या टेबलाखाली पत्र्याचा डबा असतो. मशीन उघडलं की ती खाली वर्तमानपत्र पसरते, कोपऱ्यात मशीनचं नाव लिहिते, त्यावर स्क्रू मांडते. काम झालं की आतला कचरा ब्रशने त्याच कागदावर झाडते, कागद चुरगळते, डब्यात टाकते. डबा महिन्यातून एकदा रिकामा होतो, भंगारवाला आला की. त्यात तारेचे तुकडे असतात.

भंगारवाला अजून आला नव्हता.

‘कुडपण ४’ तिसऱ्याच बोळ्यात सापडला. उघडला. आत मूठभर माती. एवढी होती? काम करताना तिला एवढी वाटली नव्हती. बारीक, घट्ट, मध्ये काळी भुकटी मिसळलेली.

सहा वर्षं आणि मग चार वर्षं, दहा वर्षं ती मशीन उघडत होती. माती सगळ्यांत असते, म्हणून तिने तिच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं.

आता पाहिलं आणि तिला एकदम कळलं. म्हणजे कळलं असं वाटलं.

पुराचा माल.

महाडला पूर आला तेव्हा दुकानंच्या दुकानं गाळात गेली होती. नंतर किती महिने लोक म्हणायचे, धुऊन पुसून, नव्या खोक्यात घालून विकतायत. कुणी पाहिलं नव्हतं. सगळे म्हणायचे.

तिने मातीची पुडी बांधली आणि महाडची एसटी पकडली.

*

"बसा ताई."

"नको."

"अहो, उभ्याने भांडता येत नाही. बसा." दुकानदार रघुवीर साठीचा, चष्मा दोरीला, शर्टाच्या खिशात तीन पेनं. दुकानात खिळ्यांच्या पोत्यांना लोखंडी वास. भिंतीवर पुराचं पाणी चढलं तिथे निळी रेघ.

सारिकाने काउंटरवर पुडी उघडली. "हे तुमच्या मशीनमधून निघालं."

"बरं."

"पुरातलं आहे."

रघुवीरने चष्मा लावला. पुडी बघितली, मग तिच्याकडे बघितलं. त्याला राग आला असेल तर तो दिसला नाही. त्याने मागच्या रॅकचा खालचा खण ओढला, पूर्ण बाहेर काढला, आणि उघड्या पडलेल्या भिंतीच्या सांध्यात स्क्रूड्रायव्हर घालून खरवडलं. एक ढेकूळ काउंटरवर आणून ठेवलं, तिच्या पुडीच्या शेजारी.

करडं. जवळजवळ काळं. बोटाने दाबलं तर पिठासारखं.

"हा सावित्रीचा गाळ. किती वेळा धुतलं, अजून निघतो. हा बघा आणि तुमचा बघा."

तिचा लाल होता.

"हा खालचा नाही ताई. हा वरचा आहे. तुमच्या डोंगराचा. आणि हे काळं आहे ना, हा लोखंडाचा चुरा. माझ्याकडे नवी मशीन लोखंड कापत नाही, खोक्यात झोपलेली असते." त्याने पुडी उचलून खिळे तोलायच्या काट्यावर ठेवली. काटा मोठा होता, पाच-पाच ग्रॅमने उड्या मारणारा. "वीस म्हणतोय. पंचवीसच्या आत आहे. तुम्ही तोलली नव्हतीत?"

तिने तोलली नव्हती. तोलायचं तिला सुचलंच नव्हतं.

"तुम्ही तार मात्र अ‍ॅल्युमिनियमची देता," ती म्हणाली, कारण काहीतरी बोलायला हवं होतं. "वरून तांब्याचा रंग."

"मी देत नाही, कंपनी देते. मी विकतो. आणि कुणालाही विचारा, अकराशेत तांबं कुठून येणार? तांब्याची हवी तर साडेतीन हजारांची आहे, वरच्या फळीवर. तुमच्या काकांना मी दाखवली होती. ते म्हणाले, एकाच्या जागी तीन येतात." तो थांबला. "ताई, एक विचारू? राग नका मानू. लोक मला म्हणतात की तुम्ही..."

"काय?"

"काही नाही."

"तांबं काढते?"

"तुम्हीच म्हणालात आत्ता, की आत तांबं नाहीच."

एसटीत बसल्यावर तिला हे हसण्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. चोवीस ग्रॅम कसे गेले ते तिला आता माहीत होतं. पण वाडीला विचारायचं काय? तुमच्या मशीनमध्ये माती कोण भरतंय?

*

रविवार. देवळाचा सभामंडप, पत्र्याचा. बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या, मधे पाटावर चार नंबरचं मशीन. जळक्या वार्निशचा वास तिला दारातूनच आला.

महिपतकाका खांबाला टेकून बसला होता. उन्हाने काळा, अंगाने वाळका, डोक्याला टॉवेल. लहानपणी सारिका त्याच्या खांद्यावर बसून आंबेनळी घाटातल्या गाड्या मोजायची. आज तो तिच्या पायांकडे बघत होता.

"आली," कुणीतरी म्हणालं.

"बोल गो," महिपतकाका म्हणाला. "मी बोलणार नाय. तूच बोल."

तिने रस्त्यात पाठ केलेलं काहीच आठवेना. "काकी, काटा आण," ती म्हणाली.

काटा आला. सारिकाने पुडी उघडली, माती काट्याच्या ताटलीत ओतली, कागद झटकला.

तेवीस.

"ही चार नंबरची माती. मशीन तुमी तोलून धाडलीत, ती मातीसकट. मी झाडून परत धाडली. तांबं नव्हतंच आत, त्यामुळं काढायला पण नव्हतं."

मग राजेश पुढे वाकला. भांडुपला कंपनीत होता, कंपनी बंद पडल्यावर वर आला. टी-शर्टवर अजून कंपनीचं नाव. "चोवीस होते. हे तेवीस भरलेत. एक ग्रॅम मिसिंग आहे."

"अरे वारा हाय," आवडीकाकी म्हणाली. "एवढ्या लांबून आणलीन ती. थोडी सांडली असंल. तू काय सोनार हायस काय?"

लोक हसले. महिपतकाका हसला नाही. पण त्याने मान वर केली, आणि पहिल्यांदा सारिकाच्या तोंडाकडे पाहिलं.

सारिकाने रिकामा कागद पुन्हा एकदा झटकला.

"बरं, माती," महिपतकाका म्हणाला. "पण मंग चंदूच्या मशीनीत का नाय जात माती? त्याचं शेत काय फरशीचं हाय?"

*

चंदूला बोलवायला माणूस गेला. चंदू आला, मशीन कडेवर मूल घ्यावं तसं घेऊन.

"माझी जळलेली नाय. मला कशाला?"

"उघडते जरा, चंदूदादा. परत लावून देते."

"स्क्रू हरवलास तर बघ."

तिने दोन्ही मशीन सगळ्यांसमोर उघडली, शेजारी शेजारी. ब्लेडने दोन्हींच्या तारेवर ओरखडा काढला. दोन्हीकडे आत पांढरं. पोरांनी वाकून पाहिलं, मग बायकांनी, मग राजेशने.

"सेम माल," तो म्हणाला. "लोकल."

"लोकल हाय," सारिका म्हणाली. "पण खोटा नाय. अकराशेला जेवढी यायची तेवढीच हाय. तिचा जीव थोडका हाय, तेवढंच. जास्त सोसत नाय ती."

चंदूच्या मशीनमधली माती तिने कागदावर झाडली. चिमूटभर. तोलायला ठेवली तर काट्याने एकही आकडा दाखवला नाही.

"चंदूदादा, एक अँगल कापून दाखव."

बाहेर विजेचा बोर्ड ओढून आणला. चंदूने उभ्यानेच, अँगल ओट्यावर ठेवून कापला. बटण बंद केलं. आणि मग मशीन हातात धरून, चाक गरगरत थांबेपर्यंत, आंब्याच्या फांदीकडे बघत राहिला. थांबल्यावर मशीनच्या मुठीला बांधलेली सुतळी फांदीला अडकवली.

"असं का?"

"मंग काय करू? खाली ठेवली तर उचलणार कोन? गुडघं वाकत नायत माझं." तो रागावलाच. "कितीदा सांगू? आनि माझ्याकडून घेणारा तरी कोन हाय तिकडं?"

सारिका महिपतकाकाकडे वळली. "काका, तुमी कापा आता. तुमी आनि राजेश. कुंपनाला करता तसं. बिघडलेली सोडा, दोन नंबरची चालू हाय ना अजून, ती घ्या."

कुंपणाच्या कामाला वाडीतले सहाजण ओळीने उभे राहायचे. एक कापायचा, दुसरा धार मारायचा, तिसरा पुढचा अँगल. मशीन ओळीने फिरायचं.

महिपतकाकाने अँगल कापला. ठिणग्या उडाल्या. बटण बंद केलं, मशीन खाली मातीवर ठेवलं, चाक अजून सू सू करत होतं, आणि दोन पावलं मागे झाला. राजेशने उचललं, बटण दाबलं, धार मारली, बंद केलं, खाली ठेवलं, मागे झाला. महिपतकाकाने उचललं.

"परत करा," सारिका म्हणाली.

परत केलं.

"परत. आता चाकाकडं नका बघू. मागनं बघा, मशीनच्या शेपटीला. फटी हायत बघा, तिथं."

तिसऱ्यांदा सगळ्यांनी पाहिलं. मशीन खाली टेकलं, आतला पंखा अजून फिरत होता, आणि मागच्या फटींपाशी जमिनीवरची लाल माती आणि अँगलचा काळा चुरा उठून, धुराची बारीक वात व्हावी तसा, आत चालला होता. तीन-चार क्षण. मग चाक थांबलं.

दिवसातून कितीदा? कुणी मोजलं नव्हतं. सहा माणसं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

"फिरता फिरता खाली ठेवता तुमी," सारिका म्हणाली. "ती श्वास घेत असते तवा. हातातून हातात का नाय देत?"

बायका पुढे सरकल्या.

"लोखंड?" महिपतकाका म्हणाला. "हातात?"

"हो."

"येडी झालीस काय गो? तुला कुनी शिकवलं नाय? कोयती देताना, कुऱ्हाड देताना काय करतो आपन? हातातून हातात लोखंड दिलं का त्या दोघांत भांडान लागतं."

"खाली ठेवून तरी भांडान कुठं चुकलं, काका? महिना झाला तुमी माझ्याशी बोलला नाय."

हे तिला म्हणायचं नव्हतं. तोंडातून गेलं. आवडीकाकीने पदर तोंडाला लावला. राजेश दुसरीकडे बघू लागला.

महिपतकाकाने खाली पडलेलं मशीन उचललं, मागच्या फटींवरची माती बोटाने पुसली. मग म्हणाला, "पाट आन गो, आवडे. देवळातला नको, घरचा आन. वरती पोतं टाक. थांबली का पाटावर ठेवायची, थांबल्याशिवाय नाय. ज्याला घ्यायची त्यानं पाटावरनं उचलावी. चाललं?"

"चाललं," सारिका म्हणाली.

"मातीपासनं वर राहिली पायजे, एवढंच ना?"

"एवढंच."

"मंग हातात द्यायची काय गरज?" तो पुटपुटला. वाडीच्या तोंडावर समाधान दिसलं. मशीनचंही राहिलं, वाडवडिलांचंही. चंदू म्हणाला, त्याचं स्क्रूसकट परत लावून द्या आणि त्याला जाऊ द्या, ऊन वाढतंय.

*

निघताना सगळे पांगले होते. सारिका पायऱ्या उतरत होती. मागून महिपतकाका आला, कुशीत चार नंबरचं खोकं. खोकं त्याने पायरीवर ठेवलं, मशीन बाहेर काढलं. जळलेलं, थंड, वायर गुंडाळलेलं.

"ही परत भरून दे. शेवटची."

"देते."

"तुझ्यावर शक घेतला," तो म्हणाला. "राजेशचं ऐकलं. माज्या भावाची पोर तू. तोललं तवाच लाज वाटली पायजे होती."

"असू दे, काका."

तिला वाटलं तो मशीन पायरीवर ठेवेल. तिने वाकायची तयारीही केली. त्याने ठेवलं नाही. दोन्ही हातांनी पुढे केलं आणि तसंच धरून राहिला.

"आता काय भांडान लागायचं राहिलंय आपल्यात," तो म्हणाला. "धर."

सारिकाने क्षणभर उशीर केला. मग त्याच्या हातातून मशीन घेतलं.

फेब्रुवारीत चार नंबरच्या मशीनमधून निघालेली कार्बनची जोडी तडकलेली पण लांब होती. तिच्या जागी सारिकाने नवी न घालता गोळ्यांच्या डबीतली वापरलेली जोडी बसवली, ती एक ग्रॅमने हलकी होती.